पायाळूचा डावा अंगठा

"मावशी, डोळे मिटा. पायाला काही लागलं की हो म्हणा," डॉक्टर म्हणले.

मी डोळे मिटले. वर पंखा फिरत होता. बाहेर कुणाचं तरी लेकरू रडत होतं. माझी सून वैशाली उशाला उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या. मी वाट बघितली, लई वाट बघितली. शेवटी राहवंना म्हणून म्हणलं, "डॉक्टरसाहेब, सुरू करा की. बसून बसून कंबर धरली माझी."

मी डोळे उघडले तर डॉक्टरांच्या हातात नायलॉनचा एक बारका दोरा होता, मासे धरायच्या गळाला असतो तसा. वैशालीनं तोंडाला ओढणी लावली होती.

"मावशी, माझं करून झालं," डॉक्टर म्हणले. "दोन्ही पायांना. सगळीकडं."

असा मला माझा आजार कळला. त्याचं नाव डायबेटिक न्यूरोपथी. म्हणजे काय, तर अंगातल्या साखरेनं हळूहळू पायाच्या नसा मारून टाकलेल्या असतात. डॉक्टरांनी मला सोपं करून सांगितलं. भिंतीवर बटन आहे, वर दिवा आहे, पण मधली वायर उंदरानं कुरतडली, मग दिवा कसा लागणार? पायाला चटका बसला तरी डोक्यापर्यंत खबरच जात नाय. आणि डाव्या अंगठ्याला जी काळी पडलेली जखम घेऊन मी गेले होते, तिला त्यांनी डायबेटिक फूट अल्सर म्हणलं. साखरेच्या माणसाच्या पायाची, भरता न भरणारी जखम.

मी सातवी शिकलेली बाई. मला असलं लिहिता येत नाय. वैशालीनं मोबाइल पुढं धरला आणि म्हणली, आई, बोला, जसं झालं तसं बोला, मी उतरवून घेते. म्हणून बोलते. तुमच्यापैकी कुणाला साखर असंल तर ऐका, नाय तर शेजारणीला ऐकवा.

आता माझा पाय म्हणजे काही साधा पाय नव्हता. हसू नका. मी पायाळू आहे.

नव्या पोरींना माहीत नसतं म्हणून सांगते. लेकरू आईच्या पोटातून डोक्यानं बाहेर येतं. माझे पाय आधी आले. आमच्या फुलंब्रीकडच्या गावात सुईणीनं दोन्ही पाय धरून मला ओढून काढलं आणि आईला म्हणली, पोरगी वाचली, आता हिच्या पायाला गुण राहणार. पायाळू माणसानं पाय टेकवला की पाठीत भरलेली उसण निघते, अशी आपल्याकडं लोकांची भावना आहे. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात. त्यामुळं आभाळ गडगडलं की आई मला घरात कोंडायची, आणि डाव्या अंगठ्यात चांदीचं वळं घालून ठेवायची. पाय वाढला तसं वळं वाढवलं. पायाळू पोरगी, उद्या घरावर वीज आणायची, असं म्हणून माझी दोन स्थळं मोडली. तिसऱ्या वेळी आईनं सांगितलंच नाय, गपगुमान लग्न लावून दिलं.

लग्न होऊन बजाजनगरला आले. आमचे हे वाळूजला कंपनीत टर्नर होते. गल्लीत सगळे कामगार, कुणी लातूरचा, कुणी बुलढाण्याचा, आणि रोज कुणाची तरी पाठ धरलेली. एकदा शेजारची बाई बादली उचलताना वाकली ती वाकलीच. मी सहज पाय टेकवला. ती दुपारी ताठ उभी राहून भांडी घासत होती. झालं. कुठल्या पेपरात जाहिरात द्यायला नाय लागली.

लोक सकाळी यायचे, फर्स्ट शिफ्टच्या आधी. उपाशीपोटी यायचं, चटईवर पालथं पडायचं, तोंड उगवतीला. मी डावा अंगठा कंबरेपासून वर फिरवायची. मग उठायचं आणि मागं वळून न बघता जायचं. द्यायचं काही नाय, चहासुद्धा नाय. हे हसायचे, म्हणायचे, "कंपनीत तीन शिफ्टा, आपल्या अंगणात चौथी."

उसण तशीही चार दिवसांत आपली आपण जाते, हे मला काय कळत नव्हतं? कळत होतं. पण दुखणाऱ्या माणसाच्या पाठीला कुणीतरी मायेनं हात लावावा लागतो. आमच्या गल्लीत माझा पाय तेवढं काम करत होता. आणि खरं सांगू का, मला लई बरं वाटायचं. गल्लीत मला कुणी ह्यांची बायको म्हणून वळखत नाय. ह्यांना पायाळू काकूचे मिस्टर म्हणतात.

आता चूक काय झाली ते ऐका.

थंडीत उघड्या पाठीवर गार पाय टेकवला तर माणूस दचकतं, आणि दचकलं की उसण अजून धरते. म्हणून मी हिवाळ्यात एक वीट ठेवली होती. आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत वीट शेकायची, फडक्यात गुंडाळायची, तिच्यावर पाय ठेवून बसायचं आणि ऊब आली की मग पाय टेकवायचा. वीट किती तापली हे हातानं कधी बघितलं नाय. पायच सांगायचा, बस, आता पुरे.

आणि तो पाय मुका होत चालला होता.

खुणा काय कमी होत्या? रात्री पायाला मुंग्या यायच्या. फरशीवर चालताना गादीवर चालल्यासारखं व्हायचं. एकदा शहागंजला भाजी आणि बांगड्या घ्यायला गेले आणि घरी आले तर एकाच पायात चप्पल! दुसरी कुठं निघून पडली, पत्ताच नाय. सगळं घर हसलं. मीपण हसले. हे म्हणले, "अर्धा बाजार आणला, अर्धी चप्पल देऊन आली." त्या दिवशी कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं की बाई, हसू नको, दवाखान्यात जा.

साखर मला तीन-चार वर्षांपासून होती. गोळी घ्यायची, साखर खाली आली की बंद करायची. बरं वाटतंय तर गोळी कामून खायची, असा माझा हिशेब. मधून मेथीचं पाणी, मधून कारल्याचा रस. ते वाईट नाय, पण ते गोळीच्या जागी चालत नाय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लोकांच्या पाठी बघत बसले आणि स्वतःचे तळपाय कधी उलटून बघितले नाय.

एका सकाळी मागच्या गल्लीतले शकूरभाई आले. लोडिंगचा टेम्पो चालवतात, माणूस आडदांड, जीभ गोड. माल उतरवताना पाठीत उसण भरलेली, भिंत धरधरून आले. थंडी कडाक्याची होती. मी विटेवर पाय ठेवून बसले. आज वीट तापलीच नाय वाटतं, म्हणून अजून थोडा वेळ ठेवला. मग उठून त्यांच्या कंबरेवर अंगठा टेकवला.

"या अल्ला!" शकूरभाई चटईवरून असे उठले की उसण भरलेला माणूस तसा उठूच शकत नाय. "भाभी, पाँव है के इस्त्री?"

पाठीवर लालभडक डाग, अंगठ्याएवढा. अंगणात हशा पिकला. मी खाली बघितलं तर विटेचं फडकं करपलं होतं आणि माझ्या अंगठ्याला हा एवढा फोड. पण दुखत नव्हतं. दुखत नाय म्हणजे लागलं नाय, असं मी धरून चालले. आयुष्यभर आपल्याला तेच तर माहीत असतं.

आणि पुढचं तर ऐका. शकूरभाईंची उसण त्याच दिवशी गेली! चटक्यापुढं कंबरेचं दुखणं विसरले असतील बापडे. पण गल्लीत बोंब झाली की पायाळू काकूच्या पायात आता शक्ती उतरली, आगीचा चटका बसतो पण काकूला काही होत नाय. दुसऱ्या दिवशी अंगणात दुप्पट माणसं. मला तरी कुठं खोटं वाटलं? मनात आलंच की खरंच गुण वाढला की काय. फोडावर फडकं बांधून मी तसाच पाय देत राहिले. माझ्या नसा मेल्या होत्या आणि आम्ही सगळे त्याला शक्ती म्हणत होतो.

फोड फुटला. हळद लावली, मग कोरफड, मग कुणीतरी सांगितलं म्हणून चुना. अंगठा आधी लाल झाला, मग निळा, मग काळा. थंडी वाजून ताप आला. तरी दुखणं नाय. शेवटी वैशालीनं ओळखलं, तेही वासानं. अंथरुणाची घडी घालता घालता थांबली, खाली बसली आणि माझं फडकं सोडलं. ती चिकलठाण्याला कंपनीत जाते, त्या दिवशी गेली नाय. "आई, चला," एवढंच म्हणली. मी नाय म्हणून बघितलं. तिनं रिक्षा बोलावली होती.

दवाखान्यातले दिवस म्हणजे बाकड्यावर बसायचे दिवस. एका खिडकीवरून दुसऱ्या, एका खोलीतून दुसऱ्या. एचबीएवनसी नावाची रक्ताची तपासणी असते. त्यात मागच्या तीन महिन्यांची साखर कळते, म्हणजे तपासणीच्या आधी दोन दिवस पथ्य पाळून डॉक्टरांना फसवता येत नाय. माझी भरमसाट निघाली. मग एक्स-रे. त्यात डॉक्टरांनी अंगठ्याचं हाड दाखवलं, उधई लागलेल्या लाकडासारखं. त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात, हाडापर्यंत गेलेला पू.

मग डॉपलर. पायावर गार जेल लावून छोटं यंत्र फिरवतात आणि पायातलं रक्त वाहताना ऐकू येतं. मी पहिल्यांदाच ऐकलं, फुस्स फुस्स फुस्स. डॉक्टरांचा चेहरा जरा खुलला. "मावशी, रक्त चांगलं वाहतंय. पाय वाचंल," ते म्हणले. मी हात जोडले. तर पुढं म्हणतात, "अंगठा मात्र काढावा लागंल."

चांदीचं वळं सुजेत रुतलं होतं. सिस्टरनं कटरनं कापून काढलं आणि कागदात गुंडाळून वैशालीच्या हातात दिलं.

मी डॉक्टरांना म्हणलं, "साहेब, अंगठा तेवढा ठेवा. बाजूची बोटं न्या लागलं तर." ते हसले. मग मी हसत नाय हे बघून थांबले. वैशालीनंच सांगितलं त्यांना, आई पायाळू आहेत, लोक पाठीला पाय लावून घ्यायला येतात, हाच अंगठा. मला वाटलं आता डॉक्टर अंधश्रद्धेवर भाषण देणार. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"मावशी, मी तुम्हाला फसवत नाय. अंगठा ठेवला तर पू वर चढंल आणि मग गुडघ्यापर्यंत पाय काढावा लागंल. कदाचित तुमच्या जिवावर बेतंल. अंगठा दिला तर पाय राहील. तुम्ही चालाल. उद्या सकाळी मला सांगा."

त्या संध्याकाळी मी नुसती पायाच्या बँडेजकडं बघत पडले. सांगू का, मला पाय जायची भीती कमी होती. अंगठा गेला की मी कोण, ही भीती जास्त होती. स्वयंपाक सगळ्याच बाया करतात. माझ्याकडं दुसऱ्या कुणाकडं नाय असं एवढंच होतं.

हे डबा घेऊन आले. डबा ठेवला, पलंगावर पायथ्याशी बसले आणि बँडेज बांधलेला पाय उचलून मांडीवर घेतला. चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

"मला लग्नात माहीत व्हतं का तू पायाळू हायेस?" हे म्हणले.

"नाय. आईनं लपवलं होतं."

"मग? मी पायाळू म्हणून केली नाय तुला. चालत आली, माप ओलांडून घरात आली, म्हणून घरात ठेवली. मला चालणारी बाई पायजेल. अंगठ्याचं लोणचं घालायचंय का?"

मला रडू आलं आणि हसूही आलं. म्हणलं, "बोलायला गेलं की असंच बोलतील." सकाळी डॉक्टरांना हो म्हणून टाकलं.

ऑपरेशनच्या वेळी कंबरेत भुलीचं इंजेक्शन देतात. मी म्हणलं, साहेब, कशाला खर्च करता, मला साखरेनं फुकट भूल दिलेली आहे. तोंडाला मास्क होता तरी ते हसलेले कळले. अंगठा काढला आणि डिब्राइडमेंट केलं. म्हणजे मेलेलं मांस खरवडून काढायचं, जिवंत मांस दिसंपर्यंत. बाईनं मेथी निवडावी तसं ते निवडतात.

पुढं रोज ड्रेसिंग. केरळकडची एक सिस्टर होती, मराठी मोडकं बोलायची. स्टुलावर बसून माझा पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायची आणि हळू हळू पट्टी सोडायची. मला तिचा हात लागलेला कळत नव्हता, नुसता दिसत होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला हुंदकाच आला. ती घाबरली, "दुखते का, अम्मा?" मी मान हलवली. दुखत नव्हतं म्हणून तर रडत होते. एवढी वर्षं मी लोकांच्या पाठीला पाय लावला, आणि माझा पाय असा कुणीतरी हातात घेऊन निरखून बघतंय, ही केवढी माया! ती माया माझ्या पायाला कळत नव्हती, याचं मला लई वाईट वाटलं.

वॉर्डात झाडू मारणाऱ्या मावशींना कुठून तरी कळलं मी पायाळू आहे ते. एका सकाळी कंबर धरून पलंगापाशी आल्या. मी म्हणलं, "बाई, अंगठा गेला माझा." त्या म्हणल्या, "दुसरा हाय की."

घरी पाठवताना डॉक्टरांनी बसवून सांगितलं. गोळ्या आणि इन्सुलिन स्वतःच्या मनानं बंद करायचं नाय. अनवाणी चालायचं नाय, घरातसुद्धा. पाण्याचा गरमपणा पायानं नाय, कोपरानं बघायचा. रोज तळपाय आरशात बघायचे. मी भीतभीत विचारलं, लोक आले तर पाय टेकवू का? ते म्हणले, "टेकवा, मावशी. जखम भरल्यावर, उजवा, आणि वीट फेकून द्या. पण कंबरेबरोबर कुणाचा पाय बधिर झाला असंल, लघवी अडकली असंल, तर अजिबात थांबवू नका. त्याला तडक इकडं पाठवा."

घरी आले आणि अंगण ओकंबोकं. आठवडे गेले, कुणी येईना. लोकांचं तरी काय चुकलं? अंगठा गेला, गुण गेला. जाणारे-येणारे तब्येत विचारायचे आणि नजर खाली न जाऊ देता निघून जायचे. मी सकाळी उठून चटई झटकून ठेवायची आणि ऊन वर आलं की गुंडाळायची. वैशाली बघायची. मला आतून लई लागायचं.

मग एका सकाळी फाटक वाजलं. शकूरभाई. भिंत धरून.

"भाभी, पाँव दो."

"अंगठा नाय आता, शकूरभाई."

"मेरेकू अंगूठे से निकाह पढ़ाना है क्या? दूसरा पाँव है ना? वो दो."

मी तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. मग दटावलं, "पडा मग. पण वीट नाय, गार पाय लागंल."

"गारच पायजे, भाभी. पिछली बार का दाग बेगम आज तक दिखाती सबको."

ते बूट काढायला वाकले, आणि मी बघितलं की एक मोजा टाचेपाशी ओला आहे. विचारलं, हे काय? म्हणले, काही नाय, बुटात खिळा वर आला असंल, दो दिन से. दुखतं का? नाय, बिलकुल नाय.

साखर आहे का, विचारलं. है थोडी, सबकू रहती.

मी म्हणलं, "आधी तो कोरडा मोजा काढा, ओट्यावर बसा, पाय लांब करा. डोळे मिटा. पायाला काही लागलं की हो म्हणा."

"ये क्या नया निकाला, भाभी?"

"मिटा म्हणते ना!"

मिटले. मी खराट्यातली एक बारीक काडी ओढून काढली, पुसली आणि त्यांच्या समोर बसले. उघड्या पायाच्या अंगठ्याला लावली. मग बोटांखाली, मग चवड्याला, मग टाचेला. ते डोळे मिटून बसले होते, शहाण्या लेकरासारखे. दारात वैशाली येऊन उभी राहिली. तिच्या बांगड्या वाजल्या.

"भाभी," शकूरभाई म्हणले, "शुरू करो ना. माल उतारने जाना है मेरेकू."

वैशालीनं आत जाऊन पर्स उचलली.

आज शकूरभाई त्याच डॉक्टरांच्या गोळ्या खातात, शिव्या देत देत खातात, आणि त्यांची दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत. ज्याची पाठ धरते तो अजूनही आमच्या फाटकाशी येतो, आणि चटईच्या आधी त्याला ओट्यावर बसून डोळे मिटावे लागतात. माझा अंगठा गेला ते बरं झालं असं मी कधी म्हणणार नाय, मला तो आठवतो. पण त्या दिवशी माझ्याकडून जे झालं, त्यासाठी मी डॉक्टरांची, त्या सिस्टरची आणि माझ्या सुनेच्या नाकाची जन्मभर ऋणी आहे.

त्या दिवशी मी काडी खाली ठेवली आणि शकूरभाईंचा तो पाय उचलून मांडीवर घेतला, ओला मोजा हळूहळू सोडवायला लागले. त्यांनी डोळे उघडले आणि एकदम ओशाळले.

"अरे अरे, क्या करते भाभी! पाँव नक्को पकड़ो मेरा!"

पाय मागं ओढायला लागले. मी सोडला नाय.